डायलर घेताय? आधी नंबर कुणाच्या नावावर ते विचारा

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा रुक्ष आहे. पण आमच्या जालन्याकडच्या लोकांच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून लिहितोय.

'जालना सोने का पालना' असं उगाच म्हणत नाहीत. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचं गाव झालं. जोडीला सळ्यांचे कारखाने. दोन्हीकडे डीलरशी बोलणं फोनवरच. त्यामुळे ओळखीतले लोक हल्ली मला विचारतात, "डायलर कुठला घेऊ रे?" आयटीवाल्याला सगळंच कळतं हा समज अजून शाबूत आहे!

बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: एका सीटचा महिन्याचा दर आणि डेमोतली चकाचक स्क्रीन. माझ्या मते या दोन्ही सर्वात शेवटी बघायच्या. पिशवीवरचं चित्र बघून कुणी सोयाबीन पेरतं का? ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे, निदान ७० उगवले तरच पेरायचं. व्हेंडरलाही हाच न्याय लावा. डेमो त्याच्या यादीवर नको, तुमच्या यादीतल्या शंभर नंबरांवर, तुमच्याच ऑफिसातून, तुमच्याच नेटवर घ्या.

आता नेमकं काय तपासायचं? प्रेडिक्टिव्ह डायलर मोकळ्या माणसांपेक्षा जास्त नंबर एकदम फिरवतो. निम्मे लोक उचलणार नाहीत हा त्याचा हिशोब. तो चुकला की फवारणीचा पंप खाली ठेवून शेतकरी फोन उचलतो आणि पलीकडे शांतता! अमेरिकेत २००३ पासून यावर मर्यादा आहे: माणसाने उचललेल्या कॉलपैकी असे सुटलेले कॉल ३ टक्क्यांच्या वर नकोत आणि दोन सेकंदांत कुणीतरी बोललं पाहिजे. आपल्या व्हेंडरला विचारा, हा आकडा तुमच्या सिस्टिममध्ये दिसतो का आणि तो आम्हाला बदलता येतो का? उत्तर देताना तो अडखळला तर समजून घ्या.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. कॉल कुठल्या नंबरवरून जाणार आणि तो कुणाच्या नावावर? जाहिरातीच्या कॉलसाठी १४० आणि सेवा-व्यवहाराच्या कॉलसाठी १६०० अशा मालिका ठरलेल्या आहेत. "साधी दहा आकडी सिम टाकून देतो, स्वस्तात पडेल" असं कुणी म्हणालं की चहा पाजून वाटेला लावा. ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम कडक केले. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या उल्लंघनाला १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा केलं तर वर्षभर सगळी कनेक्शनं बंद. ऑटो डायलर वापरणार असाल तर टेलिकॉम कंपनीला आधी कळवावंही लागतं. आणि बंद कुणाचं होणार? कॉल ज्याच्यासाठी गेले त्याचं, म्हणजे तुमचं. बियाण्याच्या धंद्यात जूनमधले १५ दिवस म्हणजे काय, हे जालनेकरांना मी सांगायला नको.

तिसरं, पैसे नेमके कशाचे? अॅस्टेरिस्क नावाचं फोनचं सॉफ्टवेअर १९९९ पासून फुकट मिळतं आणि कित्येक डायलर त्यावरच उभे आहेत. त्यात वाईट काही नाही. पण मग तुम्ही पैसे मोजता ते बसवण्याचे आणि सांभाळण्याचे. तेव्हा खरिपातल्या रविवारी सर्व्हर बसला तर फोन कोण उचलेल ते लेखी घ्या. सोडून जाताना रेकॉर्डिंग आणि यादी कशी परत मिळेल तेही लेखी घ्या.

संदर्भासाठी व्हेंडर जी नावं देईल ती खुशालच असणार. त्याला सोडून गेलेलं एखादं गिऱ्हाईक शोधा आणि अर्धा तास बोला. दहा ब्रोशर वाचून कळणार नाही ते तिथे कळतं.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं काही जण म्हणतील. बरोबर आहे, सीझन तोंडावर असतो. मग निदान सीझनमध्ये घेऊ नका, दिवाळीनंतर शांतपणे बघा. आणि तुमचे डीलर शंभरच असतील तर डायलर कशाला हवा? नावानिशी ओळखणाऱ्या माणसाने हाताने फोन लावला तर डीलर उचलतोच. असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.