गाडीचं वय मोजायचं की धूर?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलची वाहनं टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला समिती नेमण्यास सांगितलं. सरकारने सात जणांची समिती नेमली. ठाणे, कल्याण-डोंबिवली याच प्रदेशात येतात. तेव्हापासून चहाच्या टपरीवर, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: १५ वर्षांची गाडी आता भंगारात जाणार का?

महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी बंदी नाही. १५ वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर आणि शुल्क भरायचं, नोंदणी पाच वर्षांनी वाढते. बंदीचा नियम दिल्लीचा: डिझेलला १० वर्षं, पेट्रोलला १५. पण दिल्लीत झालेलं उद्या आपल्याकडे येतं, हा लोकांचा अनुभव आहे.

वयाच्या मर्यादेला माझा सरसकट विरोध नाही. रिक्षा-टॅक्सी दिवसभर धावतात, त्यांना मर्यादा हवीच. २० वर्षांच्या नियमामुळेच ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. हळहळ वाटली, पण निर्णय बरोबर होता.

घरच्या गाडीचं गणित वेगळं आहे. आमची वॅगनआर २००९ची. अम्मीला दवाखान्यात न्यायचं, ईदला भिवंडीला बहिणीकडे जायचं, एवढंच तिचं काम. वर्षाला चार हजार किलोमीटरही होत नाहीत. रोज शिळफाट्याच्या कोंडीत दोन तास धूर सोडणारी गाडी वयाने लहान असेल, तर वयाच्या नियमाला ती दिसतच नाही.

आणि जुनी गाडी घेतं कोण? मुंब्रा-कौसा, भिवंडी, कल्याणमध्ये अशी कितीतरी मुस्लिम घरं आहेत, जी व्याजाचं कर्ज घेत नाहीत. दीड-दोन लाख साठले की सेकंडहँड गाडी रोखीने घ्यायची, हाच त्यांचा रस्ता. डोंबिवलीतल्या निवृत्त कारकुनाचंही तसंच; त्याला व्याज हराम नसेल, पण पेन्शनवर हप्ता परवडत नाही. जुनी गाडी भंगारात दिली तर करात सवलत मिळते, पण ती नव्या गाडीवर. जो पुन्हा जुनीच घेणार, त्याला त्या सवलतीचा काय उपयोग? म्हाताऱ्या माणसाला घेऊन संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये शिरून बघा, मग गाडीला चैन म्हणा.

दिल्लीतही वयाचा नियम टिकवताना दमछाक झाली. जुलै २०२५ मध्ये जुन्या गाड्यांना पंपावर इंधन बंद केलं आणि दोन-तीन दिवसांतच माघार घ्यावी लागली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नका म्हटलं. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. म्हणजे प्रश्न जन्मतारखेकडून इंजिनाच्या दर्जाकडे सरकला. मला हेच हवं आहे.

पण त्यासाठी पीयूसी खरी व्हायला हवी. सायलेन्सरमध्ये नळी न घालता हातात कागद देणारी केंद्रं सगळ्यांना माहीत आहेत. ती बंद करा, आणि जी गाडी खरोखर काळा धूर सोडते ती थांबवा, मग ती माझी असो की नगरसेवकाची, २००९ची असो की २०२१ची.