डॉक्टरीवर आणखी एक पदवी

ओटीवरची खोली चुना देऊन तयार होती. गेल्या महिन्यांत आम्ही देवरुखास एका स्नेह्यांच्या घरीं गेलों, तेव्हां दवाखान्याची पाटी कोणत्या रंगांत करावी एवढेंच ठरावयाचें उरलें होतें. कन्येचीं एम्. बी. बी. एस्. चीं साडेचार वर्षें झालीं, सक्तीच्या उमेदवारीचें वर्षही सरत आलें. आणि नेमक्या या वेळीं तिनें घरांत सांगितलें कीं, मला सार्वजनिक आरोग्याची दुसरी पदवी घ्यावयाची आहे. आपल्याकडे ती बहुधा दोन वर्षांची. वडील पेन्शनर शिक्षक. हिशेब त्यांच्या मुद्रेवर दिसत होता. "तुम्हीच तिला दोन शब्द सांगा," असें ते म्हणाले, म्हणून हा विषय या सदरांत घेत आहों. डेरवण येथें २०१५ पासून आणि रत्नागिरीस २०२३ पासून वैद्यकीय महाविद्यालय झालें असल्यानें हा प्रश्न या जिल्ह्यांतील आणखी कांहीं घरांत येणारच.

पदव्यांची गोष्ट निघाली कीं नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचें नांव निघतें. एम्. डी. झाल्यावर त्यांनीं कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, संस्कृत अशा अनेक विषयांच्या पदव्या मिळविल्या. अशी बुद्धि एखाद्यासच लाभते. सामान्य घरानें तिचा कित्ता गिरवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. परदेशस्थ आप्तांच्या पत्रांतून डॉक्टरी व पीएच्. डी. एकत्र करण्याचें कौतुक येतें, तेंही जपूनच वाचावें. अमेरिकेंत १९६४ पासून यासाठीं सरकारी साहाय्याची योजना आहे. तेथें सात-आठ वर्षें लागतात खरीं, पण शुल्क व निर्वाहवेतन विद्यार्थ्यास मिळतें. आपल्याकडे तो भार बापाच्या पुंजीवर पडतो.

आम्हांस जवळचें वाटतें तें उदाहरण डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचें. दोघांनींही नागपुरास डॉक्टरी पुरी केली, आणि मग वर्धा जिल्ह्यांतील खेड्यांत काम केलें. रोगी तपासतां तपासतां त्यांना दिसलें कीं, गांवाला काय होतें हें एकेका रोग्यावरून कळत नाहीं. तो प्रश्न घेऊन ते अमेरिकेंत जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत गेले, १९८४ सालीं सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली, आणि परत येऊन १९८६ सालीं गडचिरोलींत 'सर्च' ही संस्था काढली. दोन गांवांतील ६५० स्त्रिया त्यांनीं तपासल्या. शेंकडा ९२ जणींना कांहीं ना कांहीं स्त्रीरोग होता, आणि पूर्वीं त्यासाठीं तपासणी झालेल्या शेंकडा ८ मात्र! १९८९ सालीं 'लॅन्सेट' मध्यें हें छापून आलें. पुढें ३९ गांवांत गांवच्याच बायकांना शिकवून नवजात बालकांची घरोघर शुश्रूषा करविली, तेव्हां त्यांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं घटले. हें १९९९ सालचें. दवाखान्याच्या दाराशीं येणाऱ्यांचीच गणती केली असती, तर यांतलें कांहींच हातीं लागलें नसतें.

प्रश्न आधीं, पदवी मागून, हा क्रम येथें ध्यानांत घ्यावा. नुसतें पाटीवर अक्षरें वाढविण्यासाठीं असेल, तर दोन वर्षें व पैसा दोन्ही वांचवावीं. देवरुखास तर हें सांगावयासच नको. येथें १९५४ सालीं दोन खाटांचें प्रसूतिगृह घेऊन मातृमंदिर उभें करणाऱ्या इंदिराबाई हळबे, सर्वांच्या मावशी, डॉक्टर नव्हत्या.

म्हणून आम्हीं मुलीला इतकेंच विचारलें, "तुला कोणती गोष्ट कळत नाहीं, म्हणून शिकावयाचें आहे?"

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "काका, बाळंतपणाला बायका येतात त्या अंगांत रक्त नसलेल्या. निदान त्या एस्. टी. नें आमच्यापर्यंत येतात. ज्या वाडीवरून खालींच उतरत नाहींत, त्या किती, हें मला कोणी सांगूं शकत नाहीं. उद्यां मी या खोलींत बसलें, तर मलाही तें कळणार नाहीं."

आजी जपमाळ घेऊन बसली होती. "खोली कुठें पळून जात नाहीं. तोंवर तांदूळ ठेवूं तींत," ती म्हणाली.

वडिलांनीं चष्मा पुसला आणि शुल्काचा आंकडा विचारला.