सरसकट उपवासाचा शिरस्ता

माणसावर शस्त्रक्रिया करावयाची तर आदल्या रात्रीपासून त्यास उपाशी ठेवावे, हा शिरस्ता सकारण आहे. भूल चढत असता ओकारी होऊन पोटातील अन्न श्वासनलिकेत उतरले, तर प्राणावरच बेतते. परंतु हाच शिरस्ता प्रयोगशाळेतील उंदीर, ससे, गिनीपिग यांना सरसकट लावला जातो, तेव्हा त्याचे मूळ कारणच नाहीसे झालेले असते, कारण या प्राण्यांना ओकारी होतच नाही.

सायंकाळी घरी निघताना पिंजऱ्यातील खाद्य काढून घेणारा परिचर आपल्या समजुतीने एका रात्रीचा उपवास घडवितो; वस्तुतः उंदीर हा निशाचर, दिवसा निजून बहुतेक अन्न रात्रीच खाणारा जीव असल्यामुळे, सकाळी मेजावर येईतो त्याचे जवळजवळ पुऱ्या दिवसाचे जेवण बुडालेले असते. पंचवीस-तीस ग्रॅम वजनाच्या त्या देहातील यकृताचा शर्करासंचय तेवढ्यात सरतो, आणि भुलीमुळे आधीच उतरणारे अंगाचे तापमान सावरण्याचे बळ उरत नाही. शिवाय पोट तरी रिकामे होते काय? भुकेला उंदीर स्वतःची विष्ठा आणि अंथरलेला भुसाही खातो! सशाची गोष्ट तर अधिक नाजूक. त्याच्या आतड्याची हालचाल अखंड चालावी लागते, आणि उपवासाने ती मंदावली म्हणजे यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही तो दगावू शकतो. गिनीपिगला दीर्घ उपवास नको. मात्र चघळलेल्या चाऱ्याचा लगदा त्याच्या तोंडात, घशाशी साचून राहतो, म्हणून भुलीपूर्वी त्याचे तोंड पाण्याने स्वच्छ करावे.

कुत्रा, मांजर, डुक्कर यांना उपवास हवाच. शेळ्या-मेंढ्यांना तर अधिक काळ. शस्त्र खुद्द जठरावर वा आतड्यावर चालवावयाचे असेल, तर उंदराचेही पोट रिकामे करण्यास अर्थ आहे.

१९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील १९९८ च्या नियमांन्वये संस्थांच्या प्राणी नीतिसमित्या प्रयोगांचे अर्ज तपासतात. ‘रात्रभर उपवास’ एवढेच मोघम लिहिलेला अर्ज त्यांनी परत पाठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्राणी कोणता, तास किती, कोणत्या कारणास्तव, पाणी केव्हापर्यंत, याचा जाब अर्जातच असावा. आणि उपवासापूर्वीचे व भुलीपूर्वीचे अशी दोन्ही वजने दप्तरी नोंदविणे सक्तीचे करावे, म्हणजे त्या रात्री प्राण्याचे काय झाले हे समितीस डोळ्यांनी दिसेल.