मुलीला विचारलंत का?



गेल्या महिन्यात पानशेतला आमच्या घरी पुण्याहून ओळखीच्या एक खाला आल्या. आमच्या एका माजी विद्यार्थिनीसाठी त्यांनी स्थळ आणलं होतं. मुलगा आखाती देशात नोकरीला, वय पस्तीस. मुलीला नुकतं अठरावं सरलेलं. "तिचे अब्बा तुमचा शब्द मोडणार नाहीत, तेवढं बोला," खाला म्हणाल्या. चहा संपेपर्यंत आम्ही 'हो' म्हणूनही बसलो.

रात्री 'बाजार' आठवला आणि झोप उडाली.

१७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात जन्मलेल्या स्मिता पाटील आधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या. पुढे 'भूमिका' आणि 'चक्र'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईत स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेशीही त्या जोडलेल्या होत्या. बाळंतपणानंतर काही दिवसांतच, १३ डिसेंबर १९८६ रोजी, एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या.

'उंबरठा'तल्या सुलभा महाजनबद्दल सगळेच बोलतात. आम्हाला मात्र सागर सरहदींच्या १९८२ च्या 'बाजार'मधली नजमा जास्त टोचते. आखातातून आलेल्या श्रीमंत माणसासाठी हैदराबादेत मुलगी शोधायला नजमा मदत करते. शबनमचं मन सरजूवर जडलेलं, पण घरात गरिबी. सौदा ठरतो आणि शबनम जीव देते. तेव्हा नजमाला कळतं की या गुन्ह्यात आपलाही वाटा आहे. नजमा वाईट बाई नाही. तिने फक्त मध्यस्थी केली. आम्हीही तेच करायला निघालो होतो.

मुलीच्या रजामंदीशिवाय निकाह नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण वकील आणि गवाह तिला विचारायला जातात, तेव्हा मांडव पडलेला असतो, बिर्याणीच्या देगा चढलेल्या असतात. त्या वेळी कोणती मुलगी 'नाही' म्हणेल? विचारायचं तर स्थळ पाहण्याआधी विचारायला हवं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो आणि अम्मीसमोरच तिला विचारलं. बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "मला आधी नर्सिंगचा कोर्स करायचाय." अम्मीने मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही. खालांना आम्ही फोनवर नकार कळवला.

अब्बा आमच्यावर नाराज आहेत. रस्त्यात भेटले तर सलामाचं उत्तर देतात, पण थांबत नाहीत. ती नाराजी आम्ही सोसू. तिचा फॉर्म भरायची मुदत अजून आहे. इन्शाअल्लाह, पुन्हा त्यांच्या दारी जाऊ.

तुमच्याकडे कुणी स्थळ घेऊन आलं, तर चहा ठेवण्याआधी एवढंच विचारा: मुलीला विचारलंत का?