खरवडलेला आकडा

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं ओहायोला मुलाकडे तीन महिने राहून आलो. तिकडे सकाळी सगळे कामाला गेले की घर खायला उठतं. शनिवार-रविवार मात्र माझी चैन असायची. गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसायचं आणि चिरंजीवांचं 'प्रकरण' बघत राहायचं. प्रकरण म्हणजे १९५३ सालचा विलीज पिकअप ट्रक, फोर व्हील ड्राइव्ह. आपल्या जीपचा थोरला भाऊच म्हणा. तो जिथे बनला ते टोलेडो ओहायोतच, त्यामुळे मुलाला वाटतं गाडी माहेरी आहे!

जीप आपल्याला काही परकी नाही. महिंद्रांनी १९४७ पासून विलीजच्या जीपा इथे जुळवायला घेतल्या. या ट्रकला जे 'हरिकेन' इंजिन होतं तेच पुढे आपल्याकडच्या उंच नाकाच्या जीपला होतं. ते इंजिन उंच, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. आमच्या तालुक्याला साहेब तपासणीला येत ते अशाच जीपमधून. आवाज आला की वर्गातली पोरं आपोआप हाताची घडी घालत.

तर मुलाचा ध्यास असा की गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच उभी करायची. मग प्रश्न येतो, हिचं स्वतःचं काय आणि उसनं काय? यात मी इतका रमलो की ही म्हणाली, "तुम्हाला पुन्हा शाळा मिळाली."

पहिली ओळख सोपी आहे. १९५० च्या आधीच्या ट्रकमध्ये साठेक अश्वशक्तीचं 'गो डेव्हिल' असे. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे माथा सपाट आणि स्पार्क प्लग वरून ताठ उभे. नंतरच्या हरिकेनमध्ये हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, धूर सोडणारे खालीच राहिले. म्हणून त्याच्या डोक्यावर पत्र्याचं लांबट झाकण दिसतं. ताकद झाली बहात्तर. कार्बुरेटरही बदलला, कार्टर कंपनीचाच, पण 'डब्ल्यूओ' जाऊन 'वायएफ' आला. स्टार्टर, डायनामो यांवर ऑटो-लाइटच्या छोट्या पट्ट्या असतात, त्या शाबूत असल्या तर नशीब. आणि मूळ वीज सहा व्होल्टची. बारा व्होल्टची बॅटरी दिसली की समजावं, कुणीतरी मध्ये हात घातलाय.

खरी मेख आकड्यांत आहे. लोखंडावर दोन तऱ्हेचे आकडे असतात, उठावाचे आणि ठोकलेले. उठावाचे ओतीव कामातच येतात आणि ते फक्त साचा कुठला ते सांगतात. एकाच साच्यातून हजारो ब्लॉक निघतात. विकणारे मात्र तोच आकडा दाखवून 'ओरिजिनल, ओरिजिनल' करतात! पुस्तकाची आवृत्ती दाखवून 'हे माझंच पुस्तक' म्हणण्यासारखं आहे ते. आत नाव लिहिलेलं असतं ते वेगळं. इंजिनाचं नाव म्हणजे ठोकलेला नंबर, ब्लॉकच्या पुढच्या अंगाला पाण्याच्या पंपाजवळ सपाट जागेवर.

काही कंपन्या ओतल्याची तारीखसुद्धा घालत. शेवरोलेच्या ब्लॉकवर जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी असं महिन्याचं अक्षर, मग दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा असतो. गाडी मार्चमध्ये बाहेर पडली आणि ब्लॉक जुलैचा निघाला, तर लेकरू आईच्या आधी जन्मलं म्हणायचं! दाखल्यांवर सह्या करून आयुष्य गेलेल्या माणसाला हा हिशोब लगेच कळतो.

मुलाने घासपुशीने तो सपाट भाग साफ केला आणि अक्षरं निघाली 'एमडी'. त्याचा चेहरा उतरला. एमडी म्हणजे एम३८ए१, अमेरिकन लष्कराची १९५२ पासून बनलेली जीप. म्हणजे ट्रक मुलकी आणि इंजिन फौजेतलं. मूळ इंजिन केव्हातरी बसलं असेल आणि कुण्या शेतकऱ्याने लष्कराच्या मोडीतलं आणून घातलं असेल. जुन्या मालकाच्या कागदावर निराळाच नंबर आहे. तिकडे बऱ्याच राज्यांत पूर्वी गाडीची नोंद इंजिनाच्या नंबरावर होत असे.

यावर एका जाणकार गृहस्थांनी उपाय सुचवला. तो भाग घासून साफ करायचा आणि जुन्या टाइपचे ठसे आणून कागदावरचा नंबर ठोकायचा. नंबर जुळले की किंमत चढते. शिवाय त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. अनेक कंपन्यांचे सुटे ब्लॉक कोरे मिळत आणि मेकॅनिकच जुना नंबर त्यावर ठोकी, अगदी सरळ मनाने. त्यामुळे हाताने ठोकलेला नंबर म्हणजे लबाडी, असंही म्हणता येत नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

मी त्याला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका मुलाची जन्मतारीख जनरल रजिस्टरात चुकीची पडली होती, १ जून. आमच्या पिढीत अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर पोराला सहा वर्षांचा करून टाकायचे. माझाही १ जून. आई सांगायची, तू वारीच्या दिवसांतला, पाऊस कोसळत होता. तर त्या मुलाचा बाप गावच्या नोंदीतली खरी तारीख घेऊन आला. रीत अशी की जुन्या तारखेवर तांबड्या शाईने एक आडवी रेघ, शेजारी नवी तारीख, आदेशाचा क्रमांक आणि सही. मला वाटलं, तालुक्याला कशाला हेलपाटे? दाढीच्या पात्याने आकडा खरवडला आणि सुबक अक्षरात खरी तारीख लिहिली.

दहा वर्षांनी त्याच्या नोकरीच्या पडताळणीत ते पान कुणीतरी उजेडासमोर धरलं. खरवडलेला कागद पातळ होतो, चकाकतो. तारीख खरी होती, पण ती खरी आहे हे दाखवणारं काहीच मी मागे ठेवलं नव्हतं. त्याची नोकरी गेली. मला कुणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. त्या एमडीला हात लावू नये. घासलेलं लोखंडही असंच चकाकतं. यंत्राने कापताना उठलेल्या बारीक रेघा जातात आणि जाणकाराचं बोट तिथेच थांबतं. बरं, नंबर जुळवला तरी काय मिळवलं? १९५३ चा ट्रक मिळेल, पण मोडीतलं इंजिन आणून तो चालता ठेवणारा माणूस कायमचा पुसला जाईल. तीही या गाडीचीच हकीकत आहे. मूळ इंजिन सापडलंच तर जरूर बसवावं. पण हे काढलेलं इंजिन नंबरासकट जपून ठेवावं आणि काय केव्हा बदललं त्याची वही गाडीबरोबर द्यावी.

आपल्या जीपांचं तरी काय? पेट्रोल महागलं तशी कितीतरी गाड्यांत डिझेल इंजिनं बसली. त्या खोट्या झाल्या का? मला नाही तसं वाटत. खोटी होते ती विकणाऱ्याची जीभ.

मुलाने त्या दिवशी उत्तर दिलं नाही. त्याच्या पैशाची गोष्ट आहे, मीही पुन्हा विषय काढला नाही. निघायच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो तर इंजिनाला रंग दिलेला होता. फक्त नंबराच्या जागेवर कागदी टेप चिकटवून ती झाकली होती. बाकावर दोनशे पानी वही पडली होती. पहिल्या पानावर नातवाच्या अक्षरात गाडीची माहिती आणि खाली तांबड्या शाईत मुलाची सही. तांबडं पेन त्याने मुद्दाम आणलं असावं, त्या घरात तोवर मी एकही पाहिलं नव्हतं.