उंबरठ्याबाहेरच्या लहरी

२६ जुलै २००८ रोजी सायंकाळी अहमदाबादेत सुमारे ७० मिनिटांत २१ बाँबस्फोट झाले व ५६ माणसे प्राणांस मुकली. स्फोटांपूर्वी काही मिनिटेच वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल पोहोचला होता. त्याचा माग काढीत पोलीस नव्या मुंबईत सानपाड्याच्या एका घरी आले. तेथे एक अमेरिकन गृहस्थ सहकुटुंब राहत होते. संदेश त्यांच्या घरच्या वायफायवरून गेला होता. तो धाडणारा मात्र कोणी तिऱ्हाईत होता. हे निष्पन्न होईपर्यंत त्या गृहस्थांची चौकशी झाली, संगणक तपासले गेले आणि नाव देशभर झाले. पुढील दोन महिन्यांत माटुंग्याचे एक महाविद्यालय आणि चेंबूरची एक कंपनी यांच्यावरही हाच प्रसंग ओढवला.

हे सारे मुंबईकडचे. कुक्षीत त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण कापसाच्या व्यापाऱ्याची पेढी, औषधांचे दुकान, इंदूर-पुण्याच्या मुलानातवंडांशी रात्री बोलणारे आजी-आजोबा, सर्वांच्या घरी आता ती लहानशी पेटी लुकलुकत असते. त्यातून आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंती जाड. आतल्या खोलीत लहरी पोहोचेनात म्हणून राउटर ओसरीत किंवा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवण्याची चाल पडते. परिणाम असा की माजघरात फोन अडखळतो आणि समोरच्या ओट्यावर मात्र उत्तम चालतो!

दुसरी अडचण स्वभावाची. शेजाऱ्याने मागितलेले विरजण ज्या घरांनी कधी नाकारले नाही, त्यांना पासवर्ड नाकारणे जड जाते. नाकारावाच असे माझेही मत नाही. बहुतेक नव्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी निराळे जाळे उघडण्याची सोय असते. ते दिल्याने घरातले संगणक व छपाईयंत्र वेगळे राहतात आणि पाहुणे गेल्यावर ते बंद करता येते. तथापि त्या मार्गानेही बाहेर जे जाईल ते आपल्याच जोडणीच्या नावे जाईल. म्हणून ओळखीच्या माणसालाच द्यावे. दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवू नये.

पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाईल क्रमांक ठेवण्याची खोड फार बोकाळली आहे. जोडणी होताना हवेत जी देवाणघेवाण होते ती टिपून घेतली की चोर घरी बसून निवांतपणे अंदाज लावू शकतो. आपले मोबाईल क्रमांक ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. चांगल्या प्रतीचे एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाखांहून अधिक अंदाज तपासते. हिशेब वाचकांनीच करावा. सव्वा तासही लागत नाही. ज्याला आपला क्रमांक ठाऊकच आहे त्याला तेवढेही कष्ट नाहीत. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहावेत. पाटा, मोगरा, तिकीट, घागर असे काही. ६३ अक्षरांपर्यंत मुभा असते. म्हण किंवा अभंगाची ओळ मात्र नको. ती इतरांनाही पाठ असते.

राउटरला आणखी एक पासवर्ड असतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. तो त्याच्या अंतर्गत व्यवस्थेचा. कारखान्यातून पेटी येते तेव्हा अनेकदा तो 'अ‍ॅडमिन' असाच काहीसा असतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. दारावरच्या कॅमेऱ्यांचेही तेच. २०१६ साली 'मिराई' नामक उपद्रवी प्रणालीने असे मूळचेच पासवर्ड वापरून जगभरचे लक्षावधी कॅमेरे व राउटर वेठीस धरले आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. कॅमेऱ्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

तेव्हा जोडणी देणारा तंत्रज्ञ घरी येईल त्या वेळी त्याला चहा देऊन थोडे थांबवून घ्यावे. दोन्ही पासवर्ड त्याच्याकडून समजून घ्यावेत आणि तो गेल्यावर स्वतः बदलावेत. सुरक्षा 'डब्ल्यूपीए-२' किंवा २०१८ साली आलेली 'डब्ल्यूपीए-३' असावी. 'डब्ल्यूईपी' दिसल्यास ती तत्काळ काढावी. तिचे कुलूप २००१ मध्येच फुटले आहे. बटण दाबताच जोडणारी 'डब्ल्यूपीएस' सोयही बंद करावी. जाळ्याला आपले आडनाव देऊ नये. आणि नवे पासवर्ड राउटरच्या पाठीवर न चिकटवता घरच्या हिशेबाच्या वहीत लिहून ती कपाटात ठेवावी.