विद्यापीठ बदलायचे आहे? श्रेयांक एका क्लिकवर, निर्णय मात्र 'प्रलंबित'

समजा, सोलापूरच्या एका महाविद्यालयात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचे पहिले वर्ष पूर्ण केलेली विद्यार्थिनी आहे. वडिलांची बदली पुण्याला झाली आणि घर हलले. तिला दुसऱ्या वर्षाला पुण्यात प्रवेश हवा आहे. म्हणजे महाविद्यालयाबरोबर विद्यापीठही बदलणार. जूनमध्ये तिने अर्ज केला. ऑगस्ट उजाडला, जुन्या महाविद्यालयात तिसऱ्या सत्राचे वर्ग सुरू झाले, आणि नव्या महाविद्यालयाच्या खिडकीवर एकच उत्तर मिळते : 'विद्यापीठाकडून अजून आलेले नाही.'

जुन्या ठिकाणी फी भरायची, की थांबायचे? पावसाळ्यात अनेक घरांत हाच प्रश्न असतो.

एबीसी आयडी आहे ना, मग अडचण कुठे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम अधिसूचित केले. उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक विषयाचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या डिजिटल खात्यात जमा होतात आणि कमाल सात वर्षांपर्यंत वापरता येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे हे मोठे आश्वासन होते : शिक्षण मध्येच सोडा, पुन्हा सुरू करा, संस्था बदला, कष्ट वाया जाणार नाहीत.

खाते उघडले, श्रेयांकही दिसू लागले. पण पासबुकात रक्कम आहे म्हणून दुकानदाराने माल द्यायलाच हवा असे थोडेच आहे? आधी दुकानात माल शिल्लक हवा, शिवाय तुमची नोट त्याला मान्य हवी. विद्यापीठ बदलताना नेमके हेच घडते.

माल म्हणजे जागा. मंजूर प्रवेशक्षमतेत जागा रिकामी असेल तरच बदली मिळते. पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागांवर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारे विद्यार्थीही येतात. त्यांच्या फेऱ्या संपल्याशिवाय किती जागा उरल्या हे महाविद्यालयालाही ठामपणे सांगता येत नाही. उशिराचे हे कारण खरे आहे आणि त्यात कोणाची लबाडी नाही.

नोट मान्य आहे का, याचा निर्णय म्हणजे समकक्षता. एका विद्यापीठात चार श्रेयांकांचा असलेला विषय दुसरीकडे दोन-दोन श्रेयांकांच्या दोन विषयांत विभागलेला असतो. कुठे डेटा स्ट्रक्चर्स तिसऱ्या सत्रात, तर कुठे चौथ्या. गणिताचेही तेच. 'एम-थ्री'चे नाव काढले की इंजिनीअरिंगच्या मुलांना घाम फुटतो. तो विषय जुन्या विद्यापीठात व्हायचा आहे आणि नव्या ठिकाणी होऊन गेला आहे असे निघाले, तर तो जादा विषय म्हणून द्यावा लागतो. दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून हे ठरवावे लागते. ते काम संगणक करत नाही, विषयाचे प्राध्यापक करतात. त्यांची बैठक कधी होईल आणि निर्णय किती दिवसांत कळेल, हे मात्र अर्जदाराला कोणी सांगत नाही. खरा दोष इथे आहे.

वाट पाहण्याची किंमत

वाट पाहणे फुकट नसते. आयोगाच्या २०१८ च्या परतावा नियमांनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत प्रवेश रद्द केल्यास ८० टक्के शुल्क परत मिळते, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि ३० दिवस उलटले की शून्य. पुढील काळात आयोगाने काही वर्षी मुदती वाढवूनही दिल्या. पण नव्या विद्यापीठाचे उत्तर या मुदतींचा विचार करून येत नाही. दोन्हीकडे फी भरण्याची ऐपत असलेलाच निर्धास्त राहतो.

सवलतींचा मुद्दा आणखी नाजूक आहे. राज्यात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांसाठी आहे. महाविद्यालय बदलल्यावर ती पुढे चालू राहील का, हे दोन्ही महाविद्यालयांकडून आधीच लेखी घ्यायला हवे. महाडीबीटीवरचा अर्जही महाविद्यालयाशी जोडलेला असतो. घराजवळ येण्यासाठी केलेली बदली घराला न परवडणारी ठरू नये.

दुसरीकडे कसे चालते?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नऊ संकुलांत पदवीचे शिक्षण मिळते. तेथील कम्युनिटी कॉलेजमधून दोन वर्षांनी या संकुलांत जाणे ही नेहमीची वाट आहे. अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, निकाल एप्रिलअखेरपर्यंत, होकार १ जूनपर्यंत. कोणता विषय कुठे ग्राह्य, हे 'असिस्ट' या संकेतस्थळावर अर्जाआधीच पाहता येते. सहा संकुले तर ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाची हमी देतात. तिथेही नकार येतात, अव्वल संकुलांत तर भरपूर. पण अर्जदाराला तारीख माहीत असते, त्यामुळे पर्याय हातात ठेवता येतो.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागणार नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते. प्रत्येक विद्यापीठाने समकक्षतेचा निर्णय मुदतीसह या यादीत घालावा आणि एकदा दिलेला निर्णय संकेतस्थळावर टाकावा. सोलापूरचा एक अभ्यासक्रम पुण्यात एकदा तपासला, की त्याच अभ्यासक्रमाच्या पुढच्या विद्यार्थ्यासाठी तीच फाइल पुन्हा पहिल्या पानापासून का उघडायची?

तोवर काय करावे?

महाविद्यालय सोडल्याचा दाखला शेवटी काढा. नव्या ठिकाणचा प्रवेश लेखी निश्चित झाल्याशिवाय तो काढला, की जुनी जागा गेली आणि नवी मिळाली नाही अशी वेळ येते. स्थलांतर प्रमाणपत्राचेही तसेच. गुणपत्रिकांबरोबर अभ्यासक्रमाची विद्यापीठाने प्रमाणित केलेली प्रत जोडा, कारण समिती विषयाचे नाव पाहून थांबत नाही, त्यातील घटक तपासते. मूळ कागदपत्रे पडताळणीपुरतीच दाखवा. ती ठेवून घेण्याचा अधिकार संस्थेला नाही, हे आयोगाच्या त्याच २०१८ च्या अधिसूचनेत आहे. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. खिडकीवर 'गरज नाही' असे सांगितले तरी घ्याच. पुढे माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून फाइल कुठे आहे हे विचारायची वेळ आली, तर तोच क्रमांक लिहावा लागतो.

आणि उत्तर येईपर्यंत जुन्या महाविद्यालयातील तासांना बसत राहा. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली, तर बदलीही नाही आणि परीक्षेचा अर्जही अडकलेला, अशी गत होते.